सुट्टं की संच

मी चित्रकलेचा शिक्षक आहे आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नाही. या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांत असत्या तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मेहकरच्या आमच्या शाळेत त्या एकाच माणसात आल्या आणि त्या माणसाचं नाव भागवत पडघान, म्हणजे मी.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये फकीरभाईंच्या निरोपाचा विषय निघाला. फकीर मोहम्मद आमच्या शाळेचे शिपाई. चौतीस वर्षं नोकरी झाली, महिनाअखेरीला साठ पूर्ण होणार होती. मुख्याध्यापक देशमाने सर म्हणाले, "शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ठरलेलं आहे." आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला घड्याळ देतात. आजवरची सगळी घड्याळं फकीरभाईंनीच दुकानातून आणली, रंगीत कागदात बांधून घेतली आणि कार्यक्रमाच्या दिवशी टेबलावर मांडली. आता स्वतःचंही तेच आणणार, तेच बांधून घेणार आणि मग आश्चर्य वाटल्यासारखं तेच हातात घेणार. मला ते बरं वाटलं नाही. खोटं सांगत नाही, खरंच बरं वाटलं नाही.

म्हणून मी बोललो. "सर, आपण फकीरभाईंवर एक छोटी फिल्म काढू."

स्टाफरूममध्ये नवीन कल्पना मांडणाऱ्याचं काय होतं हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. देशमाने सर लगेच म्हणाले, "काढा. तुम्ही चित्रकलेचे. व्हिडिओ म्हणजे तरी काय, हलणारं चित्र. खर्च सादिलमधून करू." सादिल म्हणजे खडू, फडकी, फिनाईल असल्या किरकोळ गोष्टींसाठी शाळेला मिळणारा पैसा. "फक्त एक करा," ते म्हणाले, "फकीरभाईंना यातलं काही कळू देऊ नका." सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा संपवला आणि तासाला गेले. जबाबदारी माझ्या कपाशेजारी तशीच राहिली.

बसस्टँडसमोर फैजानचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. फैजान माझाच जुना विद्यार्थी. आता दोन पोरांचा बाप आहे, पण मी त्याला नववीत चित्रकलेत पस्तीस मार्क दिले होते हे अजून विसरलेला नाही. त्याने मला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं.

"सर, दोन रस्ते हायेत. एक सुट्टं सॉफ्टवेअर. ते फक्त व्हिडिओचं काम करते. एकदा पैसे भरले, विषय संपला. दुसरा मोठ्या कंपनीचा संच. त्यात व्हिडिओ हाये, फोटो हाये, आवाज हाये, अक्षरं हायेत, वीस-बावीस सॉफ्टवेअर हायेत. पण ते भाड्यानं. दर महिन्याले भरा, नाही भरलं तं बंद."

"यातलं चांगलं कोणतं?"

"तुमाले करायचं काय हाये त्याच्यावर हाये. शूटिंग किती झालं?"

"शूटिंगचं बघू नंतर," मी म्हणालो. "आधी सॉफ्टवेअर."

फैजान काहीतरी बोलणार होता, पण पस्तीस मार्कांची आठवण येऊन असेल, गप्प बसला. मीही तिथंच शहाणा झालो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

घरी येऊन मी हे सगळं सुवर्णाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. आमच्या गल्लीत बायकोला सांगितलेली गोष्ट दोन्ही बाजूंच्या घरांना वेगळी सांगावी लागत नाही. पहिल्या आल्या अन्नपूर्णाबाई. त्यांची शेजारी खानावळ आहे. बँकेतली आणि तहसीलीतली एकटी राहणारी पोरं त्यांच्याकडे जेवतात.

"मास्तर, मी वीस वर्सांपासून थाळीबी विकून राह्यली अन् सुट्टी भाजीबी विकून राह्यली," त्या म्हणाल्या. "मले विचारा. थाळीत सात वाट्या दिसल्या की माणूस खूश. खाते तो तीन. बाकीच्या तशाच वापस येतात, पण पैसे सातचे घेतलेले असतात. थाळीत फायदा खानावळीचा. तुम्ही सुट्टं घ्या."

इतका प्रामाणिक सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. दुर्दैवाने तो त्यांनी खानावळीच्या ओसरीवर उभं राहून दिला, आणि त्या वेळी आत त्यांची गिऱ्हाइकं जेवत होती. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या चौघांनी थाळी नको, सुट्टी भाजी द्या म्हणून सांगितलं. त्याचा राग अन्नपूर्णाबाईंनी माझ्यावर काढला. त्यांच्याकडून आमच्याकडे येणारं ताक त्या दिवसापासून बंद झालं.

समोरचा गोपाल मात्र संचाच्या बाजूचा निघाला. त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. बिलं अजून हातानं लिहितो, पण एखाद्या विषयावर आपल्याला मत नाही असं त्याला कधी झालेलं नाही. "सर, ट्रॅक्टर घेतला अन् नांगर नाही घेतला तं त्या ट्रॅक्टरले काय हार घालून ठेवता काय? आज व्हिडिओ करसान. मंग त्याच्यावर नाव टाका लागन. मंग गाणं टाका लागन. दर टायमाले बाजारात पळसान काय? संच घ्या अन् मोकळे व्हा." मी म्हटलं, संच भाड्यानं आहे. तो म्हणाला, "मंग त काऊन इचार करून राह्यले? भाड्याच्या ट्रॅक्टरले डिझेल आपलं, पण दुरुस्ती मालकाची." हे ऐकून मला संच पटला. घरात आलो आणि ताकाची आठवण झाली तसं पुन्हा सुट्टं पटलं.

शाळेतही हेच. गणिताच्या सरांनी फळ्यावर व्याजासकट हिशेब मांडला आणि तास संपल्यावर तो अर्धवट राहिला. शारीरिक शिक्षणवाले म्हणाले, दोन्ही घेऊ नका. मग मी माझ्या पद्धतीने विचार करायचं ठरवलं. मोठा ड्रॉइंगपेपर घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला 'सुट्टं' आणि दुसऱ्या बाजूला 'संच' असं मथळ्याच्या अक्षरांत लिहिलं आणि गुणदोष मांडायला बसलो. तक्ता उघडाबोडका दिसत होता म्हणून चारी बाजूंनी वारली नक्षीची किनार काढली. किनारीला चार दिवस लागले. गुणदोषांसाठी जागा कमी पडली, पण देशमाने सरांना तक्ता इतका आवडला की त्यांनी तो कार्यालयात लावायला घेतला.

कार्यालय म्हटलं की म्हस्के बाबू आले. म्हस्के बाबू आमचे मुख्य लिपिक. त्यांच्या टेबलावरून आजवर एकही कागद पहिल्या खेपेला पुढे गेलेला नाही. "तीन दरपत्रकं आणा," ते म्हणाले. एक फैजाननं दिलं. दुसरं दुकान मेहकरात नव्हतं, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने चिखलीला गेलो. तिथे एका प्रिंटरवाल्याने मला तासभर बसवून प्रिंटरचे भाव सांगितले आणि शेवटी मी उठत नाही असं बघून 'सॉफ्टवेअर, एक नग' असं लिहून दिलं. त्याच्या शेजाऱ्याने त्याचंच बघून आणखी एक लिहून दिलं, फक्त भाव वाढवला.

म्हस्के बाबूंनी चष्मा पुसून तिन्ही कागद वाचले. "नग एक. मग नग कुठाय?"

"सॉफ्टवेअरला नग नसतो हो. ते कॉम्प्युटरच्या आत असतं."

"डेडस्टॉकच्या रजिस्टरला चढवायचं तर वस्तू पाहिजे. वस्तूवर नंबर पाहिजे." आमच्या शाळेत प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने नंबर घातलेला आहे. खुर्ची, पंखा, पृथ्वीचा गोल, विज्ञानाच्या खोलीतल्या सांगाड्याची कवटी, कुणालाही सूट नाही. "सॉफ्टवेअरवर नंबर कुठे घालायचा सांगा."

"बाबू, ते दिसत नाही, पण असतं."

"देवाच्या बाबतीत असं चालतं. ऑडिटला नाही चालत."

दोन दिवस फाईल इकडून तिकडे फिरली. शेवटी तोडगा निघाला तो असा : एक कोरी सीडी आणायची, तिच्यावर नंबर घालायचा आणि सॉफ्टवेअर तिच्यात आहे असं मी आणि म्हस्के बाबू दोघांनी समजायचं. मग त्यांनी तुलनात्मक तक्ता केला. माझ्या तक्त्यासारखी किनार त्याला नव्हती, पण सही-शिक्क्याची जागा होती. सुट्ट्या सॉफ्टवेअरसमोर त्याची पूर्ण किंमत आणि संचासमोर एका महिन्याचं भाडं लिहिलं. नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी दर मंजूर. संच.

"पण बाबू, हा एका महिन्याचा दर आहे. दर महिन्याला भरावा लागेल."

"तुमच्या फिल्मला किती महिने लागणार?"

पंधरा-सोळा दिवस असेच गेले होते आणि निर्णय झाला याचाच मला एवढा आनंद झाला की मी सही करून टाकली. गोपालने आनंदाने मला चहा पाजला. अन्नपूर्णाबाईंनी आमच्याकडे बघणं सोडलं.

आता कंपनी शिक्षकांना सवलत देते असं फैजान म्हणाला. पुरावा मागितला. देशमाने सरांनी मराठीत पत्र दिलं, ते कंपनीला वाचता आलं नाही. इंग्रजीतला छापील नमुना म्हस्के बाबूंकडे एकच होता, विद्यार्थ्यांच्या बोनाफाईडचा. त्यांनी त्यावर 'स्टुडंट' खोडून 'टीचर' लिहिलं आणि बाकीचे रकाने भरायला सुरुवात केली. इयत्ता, तिथे आडवी रेघ. जन्मतारीख, आकड्यात आणि अक्षरात. वर्तणूक. तिथे त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ विचार केला आणि 'सॅटिस्फॅक्टरी' लिहिलं.

सव्वीस वर्षं. 'गुड' लिहायला काय शाई जास्त लागली असती? मला ते लागलं. सुवर्णाने तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाली, "बाबूंनी मनावर दगड ठेवून लिहिलं असंन." कंपनीने मात्र तो दोन मिनिटांत मान्य केला. माझी वर्तणूक समाधानकारक असल्याची नोंद आता परदेशातही आहे.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी चित्रकलेच्या खोलीत ब्रश धूत होतो. फकीरभाई आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. निरोपाला चार दिवस उरले होते.

"सर, एक बोलायचं होतं. राग नका येऊ देजा. तुमच्या त्या फायलीचं बोलायचं होतं."

"कोणत्या फायलीचं?"

"तेच, 'फकीर मोहम्मद यांच्या निरोप समारंभाकरिता व्हिडिओ सॉफ्टवेअर खरेदी, गोपनीय'." त्यांनी नाव पाठ म्हणून दाखवलं. "चौदा खेपा नेली मी. तुमच्याकडून बाबूंकडे, बाबूंकडून साहेबांकडे, साहेबांकडून वापस तुमच्याकडे. वरतीच लिहेल होतं सर. मी काय डोळे मिटून नेऊ?"

शाळेतला प्रत्येक कागद फकीरभाई नेतात. त्यांच्यापासून लपवायची फाईलसुद्धा आम्ही त्यांच्याच हातात दिली होती, आणि साडेतीन आठवडे कुणालाच, अगदी देशमाने सरांनाही, त्यात काही वावगं दिसलं नाही. मी ब्रश धुवायचा थांबलो.

"मी बोलणार नव्हतो," फकीरभाई म्हणाले. "म्हटलं, तुम्ही एवढं करून राह्यले, तुमचं मन काऊन मोडा. कारेक्रमाच्या दिवशी बरोबर चकित झालो असतो. पण आता बोलाच लागते. यास्मीन माही लहानी पोरगी, लोणारले दिली. तिच्या सासऱ्याचं तिथं कापडाचं दुकान हाये. चार वर्सं झाले निकाहले, समधी एकदाबी माह्या घरी आले नाही. निकाहाच्या दिवशी मले विचारलं होतं, शाळेत तुम्ही नेमकं करता काय? मी सांगाले लागलो तं म्हणले, हां हां, घंटा बजाते ना. अन् दुसऱ्यासंग बोलाले लागले." त्यांनी टेबलावर सांडलेलं पाणी फडक्याने पुसलं. "यास्मीन तिथंच उभी होती."

मी हातातला ब्रश बाजूला ठेवला.

"मंग मी परवा फोनवर सांगून टाकलं, शाळा माह्यावर पिक्चर काढून राह्यली. तं म्हणले, अस्सं? मग आम्ही येतो. जीप करून येऊन राह्यले सर. चौदा जण." मग त्यांनी विचारलं, "किती झाला पिक्चर?"

"होत आला," मी म्हणालो.

"बरं झालं. मले थोडी फिकर होती." ते दार उघडून गेले. मी तिथंच बसलो. स्वतःची अशी लाज वाटली की खाली मान घालून पंधरा मिनिटं धुतलेलेच ब्रश धुतले. माझ्याकडे दरपत्रकं होती, तुलनात्मक तक्ता होता, किनारीचा तक्ता होता, वर्तणुकीचा दाखला होता, नंबर घातलेली कोरी सीडी होती. पिक्चरचा एक सेकंदही नव्हता.

त्याच दुपारी संच उतरवायला घेतला. शाळेच्या कॉम्प्युटरने उरलेला वेळ दाखवला तीन दिवस सात तास. मग फैजानच्या दुकानात धाव घेतली. तिथे बुधवारी एकदाचा संच उघडला. मोठी काळी चौकट आली. आता यात काय ते आणा, असं ती इंग्रजीत म्हणत होती.

"आणा सर," फैजान म्हणाला.

मग मी शाळेतले सगळे फोटो आणले. स्नेहसंमेलनं, सहली, झेंडावंदनं, सव्वीस वर्षांचे अल्बम आणि दोन पेनड्राइव्ह. आम्ही दोघांनी बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारचा सगळा दिवस त्यात फकीरभाईंना शोधलं. एका फोटोत कोपर सापडलं. एका फोटोत माईक धरलेला हात होता, तो त्यांचाच, मनगटावरच्या घड्याळावरून ओळखला. दहावीच्या ग्रुपफोटोत ते नाहीत, कारण मागच्या बाकावर उभ्या पोरांचा तोल जाऊ नये म्हणून ते बाक धरून खाली बसले होते. एकाच फोटोत ते पूर्ण होते, पण त्यांच्यासमोर कुंडी होती. चौतीस वर्षांची नोकरी आणि आमच्याकडे त्यांचं सगळं मिळून एक मनगट, एक कोपर आणि एक कुंडी. फैजाननं स्क्रीन बंद केली आणि म्हणाला, "सर, मी पहिल्या दिवशीच इचारलं होतं, शूटिंग किती झालं." आता पस्तीस मार्कांची परतफेड झाली असं समजून मी ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला मी मोबाइल घेऊन शाळेत हजर झालो. फकीरभाई आले ते रोजच्यासारखेच आले, फक्त कपडे नवे होते. मी म्हटलं, "फकीरभाई, जरा इकडे बघा, थोडं हसा, काहीतरी बोला." ते म्हणाले, "सर, बाजूले व्हा, बादली हाये." चार वेळा मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. शेवटी नाद सोडला आणि मोबाइल समोर धरून, अधूनमधून थोडं थोडं टिपत, त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो. एकदा पायरीवर अडखळलो. साडेनऊला बॅटरी संपत आली तेव्हा थांबलो.

कार्यक्रम साडेअकराला होता. धावत फैजानकडे गेलो, मोबाइल चार्जिंगला लावला, त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवेपर्यंत साडेअकरा होत आले, आणि संचाने माझी ओळख नव्याने विचारली. कोड पाठवलाय म्हणाला, शाळेच्या ईमेलवर. त्या ईमेलचा पासवर्ड म्हस्के बाबूंच्या ड्रॉवरमध्ये. फोन केला तर बाबू म्हणाले, ड्रॉवरची किल्ली फकीरभाईंकडे. आणि फकीरभाई मंचावर, गळ्यात हार घालून बसलेले, समोर लोणारचे चौदा जण. त्यांच्याच पिक्चरसाठी त्यांना हार काढून किल्ली शोधायला लावायची हिंमत देशमाने सरांमध्येही नव्हती. फैजान उठला. खिळ्याला टांगलेली एक वायर त्याने काढून घेतली. "सोडा सर संच. चला. फोन टीव्हीले लावतो, जसं हाये तसं दिसन."

सभागृहात शाळेचा मोठा टीव्ही लावलेला होता. पहिल्या रांगेत समधी, म्हणजे यास्मीनचे सासरे, बसले होते, कडक पांढरे कपडे, मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही. शेजारच्या रांगेत फकीरभाईंची बायको सलीमा आणि यास्मीन. मंचावर मधे देशमाने सर आणि कडेच्या खुर्चीत फकीरभाई. ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, उठून सरळ घरी जावं.

आधी पडदाभर माझा अंगठा दिसला. मग माझा आवाज आला, "थोडं हसा," आणि त्यांचा, "बाजूले व्हा, बादली हाये." लोक हसले. समधी हसले नाहीत.

मग हसणं हळूहळू थांबलं. फकीरभाई एकेक खोली उघडत होते. पाचवीच्या खोलीचं दार उघडण्याआधी त्यांनी कडी वाजवली आणि थोडं थांबले, कारण आत खिडकीत खारीचं घरटं होतं आणि एकदम दार उघडलं की पिल्लं खाली पडतात. मुलींच्या संडासाच्या दाराची कडी सैल झाली होती, ती त्यांनी खिशातल्या तारेने बांधली. आठवीच्या एका बाकाचा खिळा वर आला होता, तो दगडाने ठोकला आणि वरून तळहात फिरवून बघितला. मग दहावीत गेले. फळा पुसला. पुसून झाल्यावर मागे चालत गेले, अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तिथून फळ्याकडे बघितलं, पुन्हा पुढे आले आणि उजेडाने चकाकत होता तो कोपरा ओल्या फडक्याने परत पुसला. मग पुन्हा मागे जाऊन बसले. मी सव्वीस वर्षं त्या फळ्यांवर लिहितो आहे. शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसतं की नाही हे रोज कुणीतरी जाऊन बघतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी याच सभागृहातल्या खुर्च्या. दोनशे. स्वतःच्या निरोपाच्या खुर्च्या ते एकटे मांडत होते, ज्या खुर्चीचा भरवसा नाही तिच्यावर आधी स्वतः बसून बघत होते. सगळ्यात शेवटी एक खुर्ची घेऊन मंचावर चढले आणि ती कडेला ठेवली. टीव्हीतून माझा आवाज आला, "अहो, तुमचा कार्यक्रम आहे, मधे ठेवा की." ते म्हणाले, "मधी साहेब बसतात." आणि सकाळी बॅटरी संपत आल्यामुळे मी जिथे थांबलो होतो, तिथेच सगळं बंद पडलं.

कुणी टाळी वाजवली नाही. देशमाने सर उठले, फकीरभाईंचा दंड धरून त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः कडेला जाऊन बसले. फकीरभाई एवढे अवघडले की शाल घेताना श्रीफळ पडलं. मग भाषणं झाली, ती मला आठवत नाहीत. मधेच म्हस्के बाबू माझ्याजवळ सरकून कानात म्हणाले, "फाईल बंद करायची आहे. शेवटी कोणतं वापरलं, सुट्टं की संच?" मागून फैजान म्हणाला, "वायर." बाबूंनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं, "वायर, एक नग," आणि पहिल्यांदा माझ्याकडे समाधानाने बघितलं.

कार्यक्रम संपला. चिवडा-पेढा शेजारच्या खोलीत होता आणि लोक तिकडे निघाले. फकीरभाईंनी हार काढून टेबलावर ठेवला, मंचावरून उतरले आणि पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची उचलली. त्यांच्या डोक्यात काही नव्हतं, हातांना सवय होती. समध्यांनी ती खुर्ची त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुम बैठो, भाईजान," ते म्हणाले. आणि बाह्या वर करून त्यांनी एकावर एक खुर्च्या चढवायला सुरुवात केली. मग लोणारचे बाकीचे उठले, मी उठलो, फैजान, म्हस्के बाबू, चिवड्याची बशी खाली ठेवून देशमाने सरही आले. आम्हा कुणालाच ते काम येत नव्हतं. समध्यांची सातवी खुर्ची वर गेली आणि सगळी थप्पी धाडकन आडवी झाली. फकीरभाई ताडकन उठले. सलीमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं, तसे पुन्हा बसले.

"पाच-पाचची करा," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "सातची पडते."

आम्ही पाच-पाचच्या केल्या. ते बोट दाखवून सांगत होते, ही भिंतीले, ही दाराआड, तुटक्या पायाची वेगळी. दोनशे खुर्च्यांना आम्हा सतरा-अठरा माणसांना पाऊण तास लागला. समध्यांचे कडक कपडे घामाने पाठीला चिकटले होते. ते फकीरभाईंसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि दम खात त्यांनी विचारलं, "भाईजान, ये तुम रोज अकेले करते थे?"

फकीरभाईंनी खरंच थोडा विचार केला. "नहीं," ते म्हणाले. "कुर्सियां रोज नहीं रहतीं."

समध्यांनी मान हलवली आणि शेवटची थप्पी उचलायला वाकले.